हेरॉन स्ट्रीटचे बावीस हिवाळे

आमच्या टॅल्मन शहरात बर्फ भाडेकरूसारखा येतो. नोव्हेंबरात आत शिरला की एप्रिलपर्यंत हलायचं नाव घेत नाही. सकाळी पडदा सारावा तर फुटपाथ गायब, पायऱ्या गायब, शेजाऱ्याची मोटार गायब. सगळीकडे एकच पांढरं पसरलेलं आणि त्यावर घरं तेवढी तरंगताहेत. अशा सकाळी आपलं शहर नेमकं कुठे आहे, हे फक्त बर्फगाडीच्या ड्रायव्हरला ठाऊक असतं. त्यालाही ते डोळ्यांनी दिसत नाही. समोर काचेखाली एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर रस्त्यांची नावं ओळीने. तो नाव वाचतो, लोखंडी पातं खाली सोडतो, बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकत जातो, आणि गाडीच्या मागे रस्ता उगवत जातो.

थर्मन बीझलीने बावीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात, असाच एक रस्ता उगवून आणला. तो मुळात नव्हताच.

आमची वस्ती नदीच्या अंगाला. पण नदी आमच्या वाट्याला आली नाही. डावीकडे बंद पडलेल्या ओतकामाच्या कारखान्याची भिंत, उजवीकडे शीतगृहाचं पत्र्याचं धूड. दोघांच्या मधून दीडशे पावलांची एक पट्टी खाली पाण्यापर्यंत जाते. १९०९ साली एका जमीनविक्याने इथला नकाशा काढला, रस्त्यांना पक्ष्यांची नावं दिली, आणि अर्धे रस्ते बांधायच्या आधीच तो गेला. त्याचा हेरॉन स्ट्रीट नकाशात राहिला, नकाशातून शहराच्या याद्यांमध्ये उतरला, आणि याद्यांमधून थर्मनच्या काचेखाली आला. जमिनीवर मात्र गवत, खडी आणि रानझुडपं. जुने ड्रायव्हर फोर्थ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर पातं उचलून पुढे निघून जायचे. नव्या माणसाला हे सांगायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

त्या दिवशी डेपोत परतून थर्मनने फेरीपत्रक भरलं: हेरॉन स्ट्रीट, फोर्थपासून नदीपर्यंत, एक फेरी, मीठ टाकलं. मुकादम डॉयल कुचार्स्कीने ते वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"बीझली, अरे कुठे गेला होतास तू?"

"हेरॉनवर. यादीत आहे."

"आणि मीठ?"

"टाकलं की. यादीत आहे ना."

"अरे देवा! गवत आहे रे तिथे! मीठ घालून आलास, आता जा, मिरपूडही भुरभुरून ये!"

डेपो म्हणजे कामचुकारांची विधानसभाच. हातात कॉफी, तोंडात डोनट, आणि समोर असा घास. दुसऱ्या दिवसापासून थर्मन आत आला की कुणीतरी उठून खुर्ची पुसायचं. "हेरॉनचे महापौर आले रे, जागा द्या!" थर्मन साडेसहा फुटांचा माणूस, बोलायला संथ, आणि आतून काचेसारखा. मार खाईल, पण हसू सोसणार नाही. त्याने तेव्हाच ठरवलं, पुढच्या बर्फात हेरॉनकडे बघायचंही नाही.

पुढचा बर्फ पडला. थर्मन कोपऱ्यावर आला, पातं उचलायच्या दांड्यावर हात ठेवला. खालून एक म्हातारा येत होता. हातात मासे पकडायची बादली. तो थर्मनने आठवड्यापूर्वी काढलेल्या पट्ट्याच्या बरोब्बर मधून चालत होता, आपल्या रस्त्याने चालावं तसा निवांत. गाडी बघून तो बाजूला झाला आणि टोपीला हात लावला.

"आता ज्या माणसाने मला टोपीला हात लावला," थर्मन मला पुढे सांगणार होता, "त्याला काय सांगू, की बाबा, तू ज्याच्यावर उभा आहेस ते नाहीच आहे?"

त्याने पातं खाली सोडलं. संध्याकाळी फेरीपत्रकावर मात्र हेरॉनचं नाव घातलं नाही. लिहिलं: फोर्थ स्ट्रीट, दुसरी फेरी. आणि पुढचे एकवीस हिवाळे तो तसंच लिहीत राहिला.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी तेव्हा इस्पितळाच्या धुलाईखान्यात होते. दिवसभर चादरींची वाफ खाऊन घरी यायचं. एका जानेवारीत कोपऱ्यावरून वळले आणि थबकलेच. छातीएवढ्या उंच दोन पांढऱ्या भिंती, मधून खाली उतरत गेलेली वाट, आणि टोकाला नदी, तिच्या अंगावरून वाफ निघतेय. मला वाटलं, मी अजून धुलाईखान्यातच आहे आणि उभ्या उभ्या झोप लागलीय. कुणाचा आवाज नाही. मी आपली चालत गेले, पाण्यापाशी उभी राहिले, परत आले. घरी कुणाला सांगितलं नाही. इतकी शांत जागा आपल्याला फुकटात मिळते यावर आमच्या वस्तीत पटकन कुणी विश्वास ठेवत नाही.

वर्षं गेली. पात्याने दर हिवाळ्यात गवत खरवडून खरवडून मधली खडी वर आली. उन्हाळ्यातही तिथे गवत धरेना. लोक खुर्च्या घेऊन मासे धरायला जाऊ लागले. पाचव्या गल्लीतल्या चर्चची माणसं जून महिन्यात पांढरे कपडे घालून बाप्तिस्म्यासाठी तिथूनच नदीत उतरायची, आणि भिजून परत येताना त्यांच्या पायांचे ओले ठसे फोर्थपर्यंत यायचे, मग उन्हात विरून जायचे. कुणीतरी लाकडी फळीवर रस्त्याचं नाव रंगवून खांबाला ठोकलं. "हेरॉनवरून खाली जा," असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो. हा रस्ता नाही, हे आम्ही विसरून गेलो. विसरून गेलो म्हणूनच तो रस्ता होता, असं मला आता वाटतं.

गेल्या ऑक्टोबरात त्याच खांबाला एक पिवळा कागद लागला. कधीही न बांधलेली व वापरात नसलेली सार्वजनिक जागा बंद करून लगतच्या मालकास देण्याबाबत. लगतचा मालक म्हणजे शीतगृह. त्यांना ट्रक उभे करायला जागा हवी होती.

वापरात नसलेली! माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. इथून बंद झालं की नदीला हात लावायला दोन मैल, तेही महामार्गाच्या कडेने. मी काही वकिलीण नाही. माझं कायद्याचं शिक्षण वाचनालयातल्या खिडकीजवळच्या टेबलावर झालं, आणि त्याची फी तिथल्या लोकांनी आपल्या शांततेने भरली. तिथेच मला कलम सापडलं: शहराने सलग पंधरा वर्षं ज्या रस्त्याची देखभाल केली, तो नकाशात कसाही असो, लोकांचाच धरावा. पण शहराच्या वकिलाने आधीच लेखी देऊन ठेवलं होतं, की शहराने हेरॉन स्ट्रीटला कधी हातही लावलेला नाही.

हात लावला नाही तर बर्फ काय देवदूत काढून जातात?

मी फेरीपत्रकं मागवली. बावीस हिवाळ्यांची. दफ्तरखान्यातल्या बाईने खोक्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला बसायला उशी आणून दिली. चार दिवस मी कागद उलटत होते. हेरॉनचं नाव सापडलं ते फक्त एकदा, बावीस वर्षांपूर्वीच्या एका डिसेंबरात. पुढे नाही. पंधरा वर्षं हवीत आणि हाती एक दिवस.

पण बसल्या बसल्या एक गोष्ट डोळ्यांत भरली. सहाव्या गाडीचा ड्रायव्हर दर बर्फाला लिहीत होता: फोर्थ स्ट्रीट, दुसरी फेरी. बाकी कुठल्याच रस्त्याला दुसरी फेरी नाही. अक्षर तेच, गोल, शाळेतल्यासारखं. खाली सही टी. बीझली. आमच्याच वस्तीतला थर्मन.

त्याच संध्याकाळी मी त्याच्या दारात. त्याची बायको व्हर्नेल मासे तळत होती. थर्मन टेबलाशी बसून कॉर्नब्रेडला लोणी लावत होता.

"थर्मन," मी म्हटलं, "फोर्थ स्ट्रीट एवढा घाणेरडा आहे का रे, की त्याला दोनदा पुसावं लागतं?"

त्याचा चाकू थांबला.

"सांग तिला," व्हर्नेल पाठमोरीच बोलली. "एकवीस वर्षं झोपेत बडबडतोयस. फोर्थ, हेरॉन, फोर्थ, हेरॉन. आता एकदा जागेपणी सांग."

मग त्याने सगळं सांगितलं. मिठाचं, खुर्चीचं, टोपीचं. मी आनंदाने टेबलावर थाप मारली.

"झालं तर मग! मंगळवारी कौन्सिलपुढे उभा राहा आणि हेच सांग."

"नाही जमणार, डेल्फीन."

"का? तोंड आहे ना?"

"मे महिन्यात निवृत्ती आहे माझी. फेरीपत्रकात खोटी नोंद म्हणजे डेपोच्या नियमाने सरळ घरी. बावीस वर्षांत माझ्या फाइलला एक ठिपका नाही. आणि मी तिथे उभं राहून सांगू, की साहेब, मी एकवीस वर्षं खोटं लिहिलं?"

"आणि हसतील," व्हर्नेल म्हणाली. "ते पण सांग की. खरं दुखणं ते आहे."

थर्मनने पुन्हा कॉर्नब्रेडला लोणी लावायला घेतलं.

"ठीक आहे," मी उठले. "नदीला कुंपण घालू देत. तू आपला निवृत्तीच्या केकवर मेणबत्त्या लाव!"

दार आपटलं मी. ठरवलं होतं त्यापेक्षा जरा जोरातच आपटलं गेलं.

मंगळवारी सहा वाजता कौन्सिलची सभा. लोकांनी बोलायचं तर आधी चिठ्ठी भरायची, नाव पुकारलं की माईकपाशी जायचं. तीन मिनिटं. समोर छोटा दिवा, हिरवा, मग पिवळा, मग लाल. त्या लाल दिव्यानंतरही बोलत राहिले म्हणून मला दोनदा शिपायाने दंडाला धरून बाहेर नेलंय. सभापती फेनिमोरबाई मला बघूनच चष्मा सावरतात.

"मिस डेल्फीन, आज लाल झाला की बसायचं हं."

"दिव्याला सांगा जरा दमाने घे म्हणून."

आधी शहराच्या वकिलाने मुकादम कुचार्स्कीला उभं केलं. आता त्याचे केस पांढरे झालेत, पण आवाज तोच, डेपोचं दार सरकवल्यासारखा. हेरॉन यादीत कसा, असं विचारल्यावर तो म्हणाला, "यादीतली चूक आहे. तिथे फेरी लावलेली नाही, मी तरी कधी लावली नाही." आणि बसला.

मग मी. मी तो एकुलता एक कागद हातात धरून नाचवला, मासे सांगितले, चर्च सांगितलं, दोन मैल सांगितले. वकील उठला. "एक दिवस, महोदया. एका नवख्या ड्रायव्हरची एका दिवसाची चूक. त्याने मीठ टाकलं, असं इथे लिहिलंय. गवतावर!" सभागृह हसलं. मागच्या बाकांवर तर एकाला ठसका लागला. दिवा लाल झाला आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी वेळेवर बसले.

फेनिमोरबाईंनी पुढची चिठ्ठी उचलली. "थर्मन बीझली."

तो शेवटच्या रांगेत होता. अंगात डेपोचं नारिंगी जाकीट. मला तो आलेला दिसलाच नव्हता, एवढा मोठा माणूस असून. तो माईकपाशी आला, माईक त्याच्या पोटाशी येत होता, म्हणून वाकला. हिरवा दिवा लागला. त्याने दाराकडे बघितलं. अर्धं मिनिट गेलं. मला वाटलं, आता हा वळून निघून जाणार.

"ते मीठ मी टाकलं होतं," तो म्हणाला.

पुन्हा थोडं हसू. तो थांबला, हसू संपेपर्यंत थांबला.

"सहावी गाडी माझी. त्या दिवशी चूक झाली. पुढे चूक नव्हती. बावीस हिवाळे मी हेरॉन साफ करतोय. कागदावर फोर्थची दुसरी फेरी लिहिली, ते खोटं लिहिलं. हसतील म्हणून लिहिलं. त्याची जी काय शिक्षा असेल ती द्या."

पिवळा दिवा.

"पण एक सांगतो. बर्फ पडला ना, की तुमचे सगळे रस्ते हेरॉनसारखेच असतात. काही दिसत नाही. मेपल ड्राइव्ह दिसत नाही, सभापतीबाई, तुम्ही राहता तो. मी कागदावर नाव वाचतो आणि तिथे रस्ता असेल असं धरून पातं सोडतो. मग तुम्ही दार उघडता, रस्ता असतो. हेरॉन मी तसाच केला. तो कमी रस्ता कसा, मला कळत नाही."

लाल दिवा लागला. फेनिमोरबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि त्याला बसवायला हात हलवला नाही. सभागृहात गरम हवेच्या नळ्यांची घरघर तेवढी चालली होती. बाहेर खिडकीच्या काचेवरून बर्फाचे थेंबासारखे कण उतरत होते, आणि क्षणभर मला वाटलं, ही खोली, हे बाक, हे नऊ नगरसेवक, सगळं कुठल्यातरी पांढऱ्यात तरंगतंय आणि आम्ही सगळे हा माणूस पुढचं नाव काय वाचतो याची वाट बघतोय.

वकिलाने ती तंद्री मोडली. "वरिष्ठांच्या नकळत केलेलं काम हे शहराचं काम होत नाही. बीझली यांनी जे केलं ते स्वतःच्या मर्जीने. मुकादमांनी सांगितलंच आहे, त्यांना कल्पना नव्हती."

"मी असं सांगितलं नाही," मागून आवाज आला.

कुचार्स्की उभा राहिला होता.

"तुम्ही विचारलंत फेरी लावली का. मी म्हणालो, लावली नाही. मला माहीत होतं का, हे तुम्ही विचारलंच नाही."

"माहीत होतं?" फेनिमोरबाई पुढे झुकल्या.

"बाई, पात्याला खाली पोलादी धार असते. डांबरावरून चालली तर एक धार अख्खा हिवाळा पुरते. सहाव्या गाडीची धार मी दर हिवाळ्यात दोनदा बदलतो. खडीने खाल्लेली असते, दात पडल्यासारखी. फोर्थवर खडी कुठून येणार? मी काय आंधळा आहे?"

"मग थांबवलं का नाहीत?"

कुचार्स्कीने मान खाजवली. "माझी बायको जायची तिथे. मासे धरायला. मी तिला विचारलं होतं, बर्फात जातेस कशी. म्हणाली, रस्ता आहे की." मग तो वकिलाकडे वळला. "धारेच्या प्रत्येक मागणीवर माझी सही आहे. चव्वेचाळीस धारा. शहरानेच मंजूर केल्यात."

वकिलाने कागद चाळले, पण ते चाळणं उगाच होतं, कुणालाही कळावं असं. थर्मन माईकपाशी तसाच वाकून उभा होता. त्याने मागे वळून कुचार्स्कीकडे बघितलं. बावीस वर्षं दोघं एकाच डेपोत कॉफी पीत होते, आणि एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते.

मत घेतलं. सहा विरुद्ध तीन. हेरॉन स्ट्रीट बंद करू नये, आणि त्याची शहराच्या रस्त्यांत रीतसर नोंद व्हावी. मी ओरडले. शिपाई माझ्याकडे निघाला, पण अर्ध्या वाटेतून परत फिरला.

शिक्षा झालीच. थर्मनला कामावरून काढलं नाही, पण दहा दिवस बिनपगारी घरी बसवलं आणि फाइलमध्ये ठपक्याचं पत्र गेलं. निवृत्तीला तीन महिने राहिले असताना. कुचार्स्कीलाही पत्र मिळालं, त्याने ते डेपोतल्या कॉफीच्या यंत्रावर चिकटवून टाकलं. डेपो हसला का? हसला की. ती माणसं दुसरं काय करणार. "नोंद झाली रे महापौरांची!" असं म्हणत त्यांनी खुर्ची पुसली, आणि व्हर्नेल सांगते, थर्मन घरी आला तेव्हा स्वतःशीच पुटपुटत होता, "गाढवं लेकाची," पण रागाने नव्हे.

त्या दहा दिवसांतल्या चौथ्या दिवशी हातभर बर्फ पडला. सकाळी व्हर्नेलचा फोन. "डेल्फीन, याला घेऊन जा गं कुठेतरी. पहाटेपासून खिडकीत उभा आहे. प्रत्येक गाडीचा आवाज ऐकतो आणि मला सांगतो, आता ती चुकली, आता तिने पातं उशिरा सोडलं. माझं डोकं उठलंय."

मी गेले. तो जाकीट घालून तयारच होता, शाळेच्या मुलासारखा. आम्ही फोर्थवरून चालत निघालो. वाटा, मोटारी, कुंपणं, सगळं बुडालेलं. सहाव्या गाडीवर त्या दिवशी नवी ड्रायव्हर होती, आणि तिच्या कागदावर हेरॉन आता अधिकृत होता. ती येऊन गेली होती. मधोमध स्वच्छ वाट खाली उतरत होती.

कोपऱ्यावर थर्मन थांबला.

"चल की," मी म्हटलं. "काय झालं?"

"मी इथे कधी उतरलो नाही."

"म्हणजे?"

"गाडीतून. वर येताना, खाली जाताना. कधी पाय नाही टेकवला इथे. वेळच नसायचा."

मला हसू आलं, आणि मी ते गिळलं. तो आधी एक बूट पुढे टाकून दाबून बघत होता, गोठलेल्या तळ्यावर उतरावं तसा. मग चालू लागला. चालता चालता त्याचं सुरू झालं. "इथे खड्डा आहे, इथे पातं उचलायला हवं होतं, बघ कशी माती वर काढलीय. ही डावी कड सोडलीच पोरीने. वेग जास्त आहे तिचा. शिकेल." दीडशे पावलं आहेत ती, पण त्याने किती वेळ लावला कुणास ठाऊक. दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या भिंतींवर उजेड इतका होता की सावल्याच पडत नव्हत्या. मागे वळून बघितलं तर वस्ती दिसत नव्हती. पुढे नदी होती, तीही नीट दिसत नव्हती, धूसर, वाफेत.

पाण्यापाशी आल्यावर तो वाक्य अर्धंच सोडून थांबला. मान तिरकी केली.

"हा आवाज कसला?"

मी कान दिला. मला तर तो ऐकून ऐकून ऐकूच येत नाहीसा झाला होता. बारीक, काचेच्या बांगड्या हलल्यासारखा, नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत.

"नदीचा. बर्फाचे तुकडे वाहताहेत, ते एकमेकांवर आपटताहेत."

"रोज असतो?"

"हिवाळाभर."

"मला इंजिनच ऐकू यायचं," तो म्हणाला.

वारा नदीवरून सुटला होता, माझी बोटं बधिर व्हायला लागली होती. मी त्याची बाही ओढली. "चल आता, व्हर्नेलने कॉफी ठेवली असेल."

"थांब गं जरा," थर्मन म्हणाला. त्याने टोपी कानांवरून वर सरकवली आणि तो तसाच उभा राहिला.